एक आयडी, सहा तबकड्या: जुन्या लिनक्स आणि बीएसडीवर बहु-युनिट स्कझी उपकरण जोडताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका भंगारवाल्याकडून सहा खणांचा सीडी चेंजर उचलला, तेव्हा वजनावरून तो यूपीएस असावा असंच वाटलं होतं. घरी आणून जुन्या पेंटियमला स्कझीने जोडला (स्कझी म्हणजे एकाच केबलवर अनेक डिस्क आणि सीडी ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत), लिनक्स २.० सुरू केलं आणि फक्त पहिली तबकडी दिसली. बाकीच्या पाच गायब. दोन संध्याकाळी केबल आणि तिच्या टोकांना लागणारे टर्मिनेटर बदलण्यात गेल्या. दोष केबलचा नव्हता आणि चेंजरचाही नव्हता. कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, उपकरणांची हजेरी घेताना पहिलं नाव पुकारलं आणि वही मिटली होती.

असं उपकरण त्या काळच्या मोकळ्या युनिक्स-वळणाच्या प्रणालींवर कसं चालवायचं, ते इथे पायरीपायरीने लिहितो. मुख्य उदाहरण लिनक्स २.० आणि २.२ चं आहे, पुढे बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या मोकळ्या शाखेचं. आज्ञा आणि फायलींची नावं देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

युनिट म्हणजे नेमकं काय

१९८६ च्या पहिल्या स्कझी मानकात एका बसवर, म्हणजे सामायिक केबलवर, आठ पत्ते (आयडी) आहेत, ० ते ७. त्यातला एक, बहुतेक वेळा ७, कंट्रोलर (संगणकातलं स्कझी कार्ड) स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या प्रत्येक आयडीच्या पोटात आणखी आठ लॉजिकल युनिट असू शकतात. त्या युनिटच्या क्रमांकाला बोलताना सगळे 'लन' म्हणतात. आज्ञेच्या दुसऱ्या बाइटमधले वरचे तीन बिट याच क्रमांकासाठी राखलेले होते. तीन बिट म्हणजे आठ युनिट, एवढंच गणित.

ही सोय चेंजरसाठी केलेली नव्हती. तेव्हा डिस्कवर स्वतःचा स्कझी कंट्रोलर नसायचा. मध्ये एक पुलासारखा बोर्ड असे. एका बाजूला स्कझी, दुसऱ्या बाजूला दोन साध्या डिस्क. ॲडॅप्टेकचा एसीबी-४००० हा एसटी-५०६ जातीच्या डिस्कसाठी, एम्युलेक्सचा एमडी२१ हा ईएसडीआय डिस्कसाठी. बोर्ड एक, म्हणून आयडी एक. डिस्क दोन, म्हणून लन ० आणि लन १. सन कंपनीच्या सन-३ वर्कस्टेशनवर तिची सनओएस प्रणाली चालवलेल्यांना एक कोडं आठवत असेल: दोन डिस्क असूनही नावं एसडी० आणि एसडी२ अशी. एसडी१ हे नाव पहिल्या आयडीच्या लन १ साठी राखून ठेवलेलं असायचं, तिथे काही असो वा नसो.

पुढे कंट्रोलर डिस्कवरच बसला. एक आयडी, एक डिस्क, लन ०. बाकीच्या लनवर कोणी विचारणाच करत नसल्यामुळे फर्मवेअर (उपकरणाच्या आतला प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. नियमाप्रमाणे, नसलेल्या युनिटची ओळख विचारली तर उत्तराचा पहिला बाइट सोळाच्या पद्धतीत ७एफ यायला हवा, म्हणजे 'असं युनिट माझ्याकडे नाही'. प्रत्यक्षात काही यंत्रं आठही हाकांना 'हजर' म्हणत, काही तिथेच गारठून अख्खा बस अडवून ठेवत. लिनक्सच्या स्कझी कोडमध्ये अशा यंत्रांची एक काळी यादी आहे आणि तिच्यावरच्या टिप्पणीत नेमकी हीच दोन कारणं दिलेली आहेत: काही सगळ्या लनना उत्तर देतात, काही लटकतात. यादीत तेव्हाच्या नामांकित कंपन्यांच्या डिस्क आणि सीडी ड्राइव्ह आहेत.

म्हणून ड्र्यू एकहार्टने १९९२ मध्ये सुरू केलेल्या आणि एरिक यंगडेलने वाढवलेल्या लिनक्सच्या स्कझी थरात सावध वाट धरली गेली: सांगितल्याशिवाय लन ० च्या पुढे जायचं नाही. मला हा निर्णय बरोबरच वाटतो. चेंजर बाळगणारे मूठभर, लटकणाऱ्या ड्राइव्हवाले ढीगभर. पण त्यामुळे मूठभरांना काम हाताने करावं लागतं, आणि त्याचा क्रम चुकला तर डेटा जातो.

पायरी १: आधी लोखंड

चेंजरच्या मागचा आयडीचा स्विच रिकाम्या क्रमांकावर लावा. पुढे मी ३ धरला आहे. बसच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, मधे कुठेही नाही. चेंजर आधी चालू करा, त्याची मॅगझिन (तबकड्यांची पेटी) मोजून होऊ द्या आणि मगच संगणक. सहाही खणांत वेगवेगळ्या सीडी घाला. रिकामे खण ठेवलेत किंवा एकाच सीडीच्या दोन प्रती घातल्यात, तर चौथ्या पायरीला फसाल.

कंट्रोलरच्या बायोसमध्ये 'मल्टिपल लन सपोर्ट' असा पर्याय दिसला, तर हात लावू नका. तो बायोसपुरता आहे, कर्नल आपली हजेरी नव्याने घेतो.

पायरी २: कर्नलने काय पाहिलं

कॅट /प्रॉक/स्कझी/स्कझी

इथे प्रत्येक उपकरणाची नोंद होस्ट (कोणता कंट्रोलर), चॅनल (त्याचा कोणता बस), आयडी, लन या क्रमाने येते. खाली विक्रेत्याचं नाव, मॉडेल, आवृत्ती, प्रकार आणि शेवटी स्कझीची पिढी. यातल्या तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या.

पहिली, विक्रेत्याचं नाव जसंच्या तसं. या रकान्याला आठच अक्षरं मिळतात, मॉडेलला सोळा. म्हणून नाकामिचीचं शेवटचं अक्षर कापलेलं दिसतं आणि मात्सुशिता 'मॅटशिटा' होऊन येते. पुढे यादीत हेच तुटकं स्पेलिंग लागेल.

दुसरी, चारही क्रमांक. आपल्याकडे ० ० ३ ०.

तिसरी, पिढी. स्वतःला स्कझी-१ म्हणवणारं जुन्या उत्तर-पद्धतीचं उपकरण असेल, तर शोध सुरू केलात तरी कर्नल लन ० नंतर थांबतो. स्कझी-१ वाल्यांना पुढचे लन झेपत नाहीत, असं कोडमध्ये गृहीत धरलं आहे. जुने पूल-बोर्ड नेमके इथे मार खातात.

सगळे सहा लन आधीच दिसत असतील, तर तुमचं मॉडेल कर्नलच्या यादीत 'लन सक्तीने शोधा' या खुणेसह आहे. पायोनियरचा डीआरएम-६०४एक्स, नाकामिचीचा एमजे-४.८एस अशी काही मॉडेलं तिथे आहेत. तसं असेल तर सरळ सहाव्या पायरीवर जा.

पायरी ३: एकेक युनिट हाताने

इथे घाई होते. लोक थेट कर्नल बांधायला, म्हणजे सोर्सपासून कंपाइल करायला, बसतात, 'प्रत्येक उपकरणाचे सगळे लन शोधा' या प्रश्नाला हो म्हणतात, आणि बसवरची दुसरीच एखादी म्हातारी डिस्क लटकते. त्यापेक्षा चालू कर्नलमध्येच एक युनिट जोडून पाहा:

इको "स्कझी ॲड-सिंगल-डिव्हाइस ० ० ३ १" > /प्रॉक/स्कझी/स्कझी

शब्दांमध्ये एकच जागा सोडा. कर्नल ही ओळ अक्षरं मोजून वाचतो, जास्तीची जागा पडली तर आकडे चुकीच्या ठिकाणाहून उचलले जातात. मग डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) बघा. नवीन नोंद आली तर लन २, मग ३.

माझी गाडी चौथ्या युनिटला अडली. /प्रॉकमध्ये लन ३ व्यवस्थित दिसत होता, पण त्याला सीडी ड्राइव्हचा क्रमांक मिळेना. कारण सोर्समध्ये सापडलं. सीडीचा ड्रायव्हर सुरू होताना जितकी उपकरणं दिसतात तितक्यांसाठी आणि वर फक्त दोन जास्तीच्यांसाठी जागा राखतो. सुरुवातीला एक दिसलं, अधिक दोन, संपलं. डिस्कच्या ड्रायव्हरचीही हीच तऱ्हा.

उपाय सोपा आहे, पण सीडीचा ड्रायव्हर मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता-काढता येणारा तुकडा) म्हणून बांधलेला हवा. आधी एसआर_मॉड हे मॉड्यूल काढा, सगळी युनिटं हाताने जोडा आणि मग ते परत चढवा. चढताना ते सहाही मोजतं आणि सहांसाठी जागा घेतं. ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच असेल, तर पाचव्या पायरीतला कायमचा मार्गच धरावा लागेल.

एखादा लन जोडताना बस लटकला, डीमेसेजमध्ये रीसेटची रांग लागली, तर त्या लनपुढे जाऊ नका. यंत्र पुन्हा सुरू करा आणि तो आकडा लिहून ठेवा. तुमच्या उपकरणाची ती हद्द.

पायरी ४: खरं युनिट की तोतया

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच गाळली जाते.

आठही हाकांना 'हजर' म्हणणारी डिस्क आठ नावांनी उभी राहते: एसडीए, एसडीबी, असं एसडीएचपर्यंत. सगळी एकच डिस्क. एसडीए माउंट आहे आणि 'नवी कोरी' समजून तुम्ही एसडीबीवर फाइलसिस्टम बनवलीत, की खेळ खलास. कर्नलच्या लेखी त्या दोन वेगळ्या डिस्क असल्यामुळे तो अडवणार नाही.

ओळखीच्या उत्तरावर इथे भरवसा ठेवता येत नाही. खऱ्या चेंजरचीही सहा युनिटं विक्रेता आणि मॉडेल एकच सांगतात. पाहायचं ते आतला मजकूर, आणि तोही फक्त वाचून.

सीडीचं नाव तबकडीवर ठरलेल्या जागी असतं. आयएसओ ९६६० पद्धतीत सोळाव्या सेक्टरवर मुख्य वर्णन असतं आणि त्याच्या चाळिसाव्या बाइटपासून बत्तीस अक्षरं तबकडीच्या नावाची. तेवढा सेक्टर उचला:

डीडी इफ=/डेव्ह/एससीडी२ बीएस=२०४८ स्किप=१६ काउंट=१ | स्ट्रिंग्ज

सहाही युनिटांवर ही ओळ चालवा. प्रत्येक वेळी चेंजरच्या पोटात खडखडाट व्हायला हवा आणि वेगळं नाव यायला हवं. आवाज न होता तेच नाव आलं, तर तो तोतया. पहिल्या पायरीत सहा वेगळ्या सीडी घालायला सांगितल्या त्या याचसाठी.

पूल-बोर्डावरच्या दोन डिस्क असतील तर दोन्हींची क्षमता आणि विभागणीचा तक्ता ताडून पाहा. दोन्ही डिस्क एकाच मापाच्या आणि कोऱ्या असतील तर वाचून काही कळणार नाही. मग यंत्र बंद करून एकीची केबल काढा आणि पुन्हा सुरू करून बघा कोण गायब झालं. कटकटीचं आहे, पण खात्रीचं आहे.

तोतये सापडले तर ते नोंदीतून काढा. आज्ञा तीच, फक्त 'ॲड'च्या जागी 'रिमूव्ह', आणि मोठ्या लनकडून लहानाकडे या.

पायरी ५: कायमची सोय

वाटा तीन आहेत. लिलो या बूट लोडरच्या फाइलमध्ये अपेंडच्या ओळीवर 'मॅक्स_स्कझी_लन्स=६' लिहायचं आणि लिलो पुन्हा चालवायचं, ही सोपी वाट. पण हा आकडा बसवरच्या प्रत्येक उपकरणाला लागतो, फक्त चेंजरला नाही. त्या कंट्रोलरवर चेंजर एकटाच असेल तर मी हेच करतो. कर्नल बांधताना सगळे लन शोधण्याचा पर्याय चालू करणं ही दुसरी वाट. परिणाम तोच, मर्यादा आठ.

तिसरी वाट म्हणजे यादीत आपल्या यंत्राची ओळ घालणं, आणि नीटनेटकं काम हेच. २.० आणि २.२ मध्ये ही यादी ड्रायव्हर्स/स्कझी/स्कझी.सी या फाइलमध्ये आहे. २.४ मध्ये ती त्याच फोल्डरमधल्या स्कझी_स्कॅन.सी मध्ये गेली. ओळीत चार रकाने: विक्रेता, मॉडेल, आवृत्ती आणि खुणा. आवृत्तीच्या जागी तारांकन टाकलं की कुठलीही चालते. विक्रेत्याचं ते तुटकं आठ अक्षरी नाव इथे जसंच्या तसं घाला.

खुणांपैकी कामाच्या चार. 'नोलन' म्हणजे पुढे विचारूच नका. 'फोर्सलन' म्हणजे सगळे शोधा, मग बाकी बसवर शोध बंद असो किंवा उपकरण स्कझी-१ चं असो. 'स्पार्सलन' म्हणजे मधे खिंडार असलं तरी पुढे जा, कारण एरवी पहिल्या 'नाही'ला शोध थांबतो. 'सिंगललन' म्हणजे एका वेळी एकाच युनिटला काम द्या. चेंजरला फोर्सलन आणि सिंगललन दोन्ही लावायच्या. एमडी२१ बोर्डापुढेही कर्नलने सिंगललन लावलेली आहे. याच खुणांमध्ये एक 'बोर्केन' नावाची आहे. ते स्पेलिंग मुद्दामच मोडलेलं आहे, दुरुस्त करायला जाऊ नका.

२.६ पासून कर्नल पुन्हा न बांधता /प्रॉक/स्कझी/डिव्हाइस_इन्फो या फाइलमध्ये विक्रेता, मॉडेल आणि खुणा अशी ओळ लिहिता येते.

पायरी ६: नोड, नावं आणि सरकणारी डिस्क

त्या काळी उपकरणांच्या /डेव्हमधल्या फायली, म्हणजे नोड, आपोआप उगवत नसत. सीडीसाठी मुख्य क्रमांक ११ आणि प्रत्येक ड्राइव्हला एक उपक्रमांक:

मेकनोड /डेव्ह/एससीडी५ बी ११ ५

डिस्कसाठी मुख्य क्रमांक ८, पण प्रत्येक डिस्कला सोळा उपक्रमांक लागतात: एक पूर्ण डिस्कचा, पंधरा विभागांचे. २५६ भागिले १६ म्हणजे एसडीए ते एसडीपी, सोळाच डिस्क. २.२ पर्यंत ६५ ते ७१ हे मुख्य क्रमांकही डिस्कना दिले गेले आणि मर्यादा १२८ झाली.

आता खरा काटा. लिनक्स नावं सापडण्याच्या क्रमाने देतो. समजा आयडी १ वर पूल-बोर्ड आहे आणि आयडी २ वर तुमची मुख्य डिस्क, एसडीबी नावाने. बोर्डाचा लन १ दिसू लागला की तोच एसडीबी होतो आणि मुख्य डिस्क एसडीसीवर सरकते. रूट, म्हणजे मूळ फाइलसिस्टम, न सापडल्याने यंत्र उठत नाही. म्हणून लन शोध चालू करण्याआधी बूट फ्लॉपी हाताशी ठेवा, किंवा बहु-युनिट उपकरणाला मुख्य डिस्कपेक्षा मोठा आयडी द्या. मी दुसरं करतो.

पायरी ७: माउंट करा, पण जपून

सहा फोल्डर, सहा माउंट, सगळे फक्त वाचनासाठी. चेंजरमध्ये लेझर मात्र एकच असतो. तबकडी बदलायला काही सेकंद जातात. सिंगललन खुणेमुळे आज्ञांची सरमिसळ होत नाही, पण दोन जणांनी दोन तबकड्या वाचायला घेतल्या तर यंत्र एक घास इथला, एक घास तिथला करत रात्रभर खडखडत राहतं.

रात्रभर हा शब्द अनुभवाचा आहे. अपडेटडीबी नावाचं फायलींची सूची करणारं काम पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) सुटतं आणि माउंट केलेलं सगळं चाळतं. पहिल्या पहाटे त्या आवाजाने घरातले सगळे जागे झाले. त्याच्या सेटिंगमध्ये आयएसओ ९६६० वगळा. यंत्र सुरू व्हायलाही आता वेळ लागेल, कारण ड्रायव्हर प्रत्येक युनिटला क्षमता विचारतो आणि त्यासाठी प्रत्येक तबकडी आत ओढावी लागते.

बीएसडीवर

३८६बीएसडीसाठी ज्युलियन एलिशरचा स्कझी कोड आला. मुळात तो माक २.५ या प्रणालीसाठी लिहिलेला होता, आणि नेटबीएसडी व फ्रीबीएसडी या दोघांनीही तोच पुढे नेला. फ्रीबीएसडीत लनला 'युनिट'च म्हणतात आणि नाव विशिष्ट पत्त्याला खिळवता येतं. कर्नलच्या कन्फिगरेशन फाइलमध्ये:

कंट्रोलर एससीबस० ॲट एएचसी०
डिस्क एसडी० ॲट एससीबस० टार्गेट ० युनिट ०
डिस्क एसडी१ ॲट एससीबस० टार्गेट १ युनिट १

असं लिहिलं की मधे काहीही उगवलं तरी एसडी० तिथेच राहतो. सहाव्या पायरीतला सगळा घोळ इथे होतच नाही. या बाबतीत बीएसडीवाले सरस, हे लिनक्सवाला असूनही कबूल करतो. नेटबीएसडीत अशीच ओळ 'एसडी* ॲट स्कझीबस? टार्गेट ? लन ?' या रूपात असते, प्रश्नचिन्हांच्या जागी आकडे घातले की नाव खिळलं. दोन्हीकडे विचित्र वागणाऱ्या उपकरणांचे तक्ते कर्नलमध्येच आहेत. फ्रीबीएसडीच्या जुन्या तक्त्यात 'एकच युनिट' आणि 'आणखी युनिटं' अशा दोन खुणा, नेटबीएसडीत 'लन नकोत' अशी.

१९९८ च्या फ्रीबीएसडी ३.० मध्ये जस्टिन गिब्ज आणि केनेथ मेरी यांचा कॅम हा नवा स्कझी थर आला, आणि त्याच्या सीडी ड्रायव्हरने चेंजरचा प्रश्न मुळातून धरला. एका तबकडीवर किमान किती सेकंद थांबायचं आणि दुसरी वाट बघत असेल तर जास्तीत जास्त किती, हे दोन आकडे तेव्हा तुम्हाला ठरवता येत. घासाघासाची ओढाताण तिथे बरीच कमी व्हायची. नवीन युनिट शोधायला कॅमकंट्रोल रीस्कॅन, यादी पाहायला कॅमकंट्रोल डेव्हलिस्ट.

ज्यांच्याकडे चेंजर नाही त्यांच्यासाठी

हीच अडचण २.४ च्या काळात कित्येकांच्या टेबलावर आली, फक्त वेगळ्या रूपात: चार खाचांचा यूएसबी कार्ड रीडर, आणि चालते ती पहिलीच खाच. आत तेच आहे, एक उपकरण आणि चार लन. यूएसबीत निदान हजेरीआधी पटसंख्या विचारता येते. १९९९ च्या बल्क-ओन्ली मानकात सगळ्यात मोठा लन कोणता, हे विचारायची सोय आहे आणि असा रीडर ३ असं उत्तर देतो. पण २.४ चा स्कझी थर लन शोध बंद ठेवून बांधलेला असेल तर त्या उत्तराचा उपयोग होत नाही. मॉड्यूल्स.कॉन्फ या फाइलमध्ये ही ओळ घाला:

ऑप्शन्स स्कझी_मॉड मॅक्स_स्कझी_लन्स=४

२.६ मध्ये याच पर्यायाचं नाव मॅक्स_लन्स झालं. रीडर काढा, यूएसबी-स्टोरेज आणि स्कझी मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवा, आणि चारही खाचांत कार्डं घालूनच रीडर परत लावा.